विंडोज आणि क्रोम आपण आवडीनं वापरतो की समोर आलं म्हणून?

नवा कॉम्प्युटर घेतला की त्यात काय काय असावं हे बहुतेक वेळा दुकानदारच ठरवतो. विंडोज टाकलेलं असतं, डेस्कटॉपवर क्रोमचा रंगीत गोल आणून ठेवलेला असतो, सोबत व्हीएलसी असतो आणि गिऱ्हाईक मराठीत काम करणारं असेल तर चार-दोन मराठी फॉन्टही कॉपी करून दिलेले असतात. पुढची सात-आठ वर्षं हाच संसार चालतो. मध्येच कुणी विचारलं की बाबा तू विंडोजच का वापरतोस, क्रोमच का वापरतोस, तर उत्तर ठरलेलं असतं. "आवडतं म्हणून."

२०२५ मध्ये या आवडीला दोन बाजूंनी धक्के बसले. २ सप्टेंबरला अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलला क्रोम विकायला लावायचं की नाही, याचा निकाल दिला. त्यानंतर दीड महिन्यात, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. दोन्ही बातम्या वेगवेगळ्या वाटतात, पण दोन्हींच्या पोटात एकच प्रश्न आहे. आपण स्क्रीनवर रोज जे उघडतो ते आपण निवडलेलं असतं, की आपल्या आधीच कुणीतरी निवडून ठेवलेलं?

आधी पैशाचं बघू

ब्राउझर फुकट असतो, सर्चही फुकट असतं. मग यात पैसा कुठून आला?

गुगलच्या खटल्यात हे आकडे कोर्टासमोर आले. २०२१ या एका वर्षात गुगलनं २६.३ अब्ज डॉलर वाटले. त्यावेळच्या भावानं धरलं तर जवळपास दोन लाख कोटी रुपये. हे पैसे गेले ॲपलला, सॅमसंगला, मोबाईल कंपन्यांना, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाला. कशासाठी, तर तुमच्या फोनवर किंवा ब्राउझरमध्ये वरच्या पट्टीत काही टाईप केलं की ते गुगलवरच शोधलं जावं, यासाठी. २०२२ मध्ये एकट्या ॲपलला यातून २० अब्ज डॉलर मिळाले.

हे सेटिंग बदलायला जेमतेम अर्धा मिनिट लागतो. त्या अर्ध्या मिनिटाचा कंटाळा बहुतेक माणसं करतात, आणि गुगल मोजत होतं ती किंमत या कंटाळ्याची.

कोर्टानं याचा एक बोलका पुरावा निकालात मांडला. विंडोजसोबत येणाऱ्या एज ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्टचं बिंग आधीच लावलेलं असतं. एजवर होणाऱ्या सर्चपैकी तब्बल ८० टक्के सर्च बिंगवरच होतात, गुगलच्या वाट्याला २० टक्के येतात. बाकी जगात बिंगला कुणी फारसं विचारत नाही. एज वापरणारे सगळे अचानक बिंगचे चाहते झाले, असं तर काही झालेलं नाही. जे समोर होतं ते राहिलं, एवढंच.

५ ऑगस्ट २०२४ ला मेहता यांनी गुगलनं सर्चमधली मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचं म्हटलं. वर्षभरानं शिक्षेचा निकाल आला तेव्हा मात्र क्रोम वाचलं. मधल्या काळात पर्प्लेक्सिटी नावाच्या एआय कंपनीनं क्रोमसाठी ३४.५ अब्ज डॉलरची बोलीही लावून टाकली होती, ती हवेतच राहिली. कोर्टानं सांगितलं की फक्त आपलंच ठेवा असे करार गुगलला करता येणार नाहीत आणि सर्चचा काही डेटा स्पर्धकांना द्यावा लागेल. पण डीफॉल्टसाठी पैसे देण्यावर सरसकट बंदी घातली नाही.

का घातली नाही? इथं प्रकरणाचा खरा पेच आहे. क्रोमचा सगळ्यात जुना आणि तत्त्वाचा विरोधक समजला जातो फायरफॉक्स. त्याच्या अर्थप्रमुखांनी कोर्टात साक्ष दिली की मोझिलाचं जवळपास ९० टक्के उत्पन्न फायरफॉक्समधून येतं, आणि त्यातलं सुमारे ८५ टक्के गुगलच्या या करारातून. म्हणजे गुगलचे पैसे बंद केले तर गुगलआधी फायरफॉक्स मरेल अशी अवस्था. अनेक जण "गुगल नको" म्हणून फायरफॉक्स वापरतात आणि त्या फायरफॉक्सचं बिल गुगलच भरतं.

पण लोक निवडतच नाहीत, असंही नाही

गुगलचं म्हणणं पहिल्यापासून एकच आहे, की लोक आम्हाला निवडतात कारण आम्ही चांगले आहोत. हे उडवून लावण्यासारखं नाही.

२०१४ मध्ये मोझिलानं अमेरिकेत फायरफॉक्सचं डीफॉल्ट सर्च बदलून याहू केलं. मोठा करार होता, पण लोकांनी सेटिंगमध्ये जाऊन परत गुगल लावायला सुरुवात केली. २०१७ मध्ये मोझिलानं तो करार मोडला आणि पुन्हा गुगलकडे गेली. दुसरं उदाहरण खुद्द क्रोमचं. विंडोजमध्ये क्रोम आधीपासून नसतं, मुद्दाम डाऊनलोड करावं लागतं. तरी जगात डेस्कटॉपवर ते पहिल्या क्रमांकावर आहे. नव्या कॉम्प्युटरवर एजचा एकमेव उपयोग क्रोम उतरवून घेण्यासाठी, हा जोक उगाच झालेला नाही.

मग सत्य कुठं आहे? फरक जाणवला तर लोक हलतात, आणि फरक जाणवला नाही तर वर्षानुवर्षं हलत नाहीत. २००१ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ६ आला आणि पुढचा ७ यायला थेट २००६ साल उजाडलं. विंडोजसोबत येत असल्यामुळं त्या काळात ९० टक्क्यांहून जास्त लोक तोच वापरत होते, त्यामुळं सुधारणा करायची मायक्रोसॉफ्टला घाई नव्हती. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स आला, त्यात एकाच खिडकीत अनेक टॅब होते, पॉप-अप अडवले जायचे. सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आलं, ते डोळ्याला दिसेल इतकं वेगवान होतं. लोक तेव्हा हलले. क्रोमच्या पाठीशी गुगलच्या होमपेजवरची जाहिरातही होती, हे विसरून चालणार नाही. ती जागा दुसऱ्या कुणाला विकत मिळत नव्हती.

लोकांना निवडायला लावायचा प्रयोगही झाला. २०१० मध्ये युरोपियन कमिशननं मायक्रोसॉफ्टला विंडोजमध्ये एक खिडकी दाखवायला लावली, त्यात वेगवेगळे ब्राउझर मांडलेले असायचे, हवा तो घ्या. पुढं विंडोज ७ च्या एका अपडेटमध्ये ही खिडकी गायब झाली. मे २०११ ते जुलै २०१२ अशी चौदा महिने ती दिसतच नव्हती. दीड कोटी युरोपियन ग्राहकांना पर्याय दाखवलाच गेला नाही. मायक्रोसॉफ्टनं ही तांत्रिक चूक असल्याचं सांगितलं, कमिशननं २०१३ मध्ये ५६.१ कोटी युरोंचा दंड लावला. दंडापेक्षा ते चौदा महिने जास्त बोलके आहेत. खिडकी गायब झालीये हे इतके दिवस ध्यानातही आलं नाही.

देशच एका ब्राउझरला बांधला जातो तेव्हा

दक्षिण कोरियाची गोष्ट यात सांगायलाच हवी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथं ऑनलाईन बँकिंग सुरू होत होतं. अमेरिकेतून मजबूत एन्क्रिप्शन बाहेर द्यायला तेव्हा निर्बंध होते, म्हणून कोरियानं सीड नावाचं स्वतःचं एन्क्रिप्शन बनवलं. शहाणपणाचा निर्णय होता. पण ते ब्राउझरमध्ये चालवायला वापरलं ॲक्टिव्हएक्स, जे चालायचं फक्त मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये. परिणाम असा झाला की जगात सगळ्यात वेगवान इंटरनेट असलेल्या देशात बँकेचं काम करायला वर्षानुवर्षं विंडोज आणि एक्स्प्लोररच लागायचे. मॅक किंवा लिनक्सवाल्यांनी काय करायचं, हा प्रश्नच कुणाच्या डोक्यात नव्हता. तिथल्या सरकारी प्रमाणपत्रांची सक्ती कायद्यातून गेली ती डिसेंबर २०२० मध्ये.

आपल्याकडं इतकं टोक गाठलं नाही, पण सरकारी वेबसाईटच्या तळाशी "इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये सर्वोत्तम दिसेल" अशी ओळ वाचल्याचं अनेकांना आठवत असेल.

भारतात या विषयाला आणखी एक पदर आहे, तो विश्वासाचा. वेबसाईट उघडली की ती खरी आहे हे ब्राउझर एका डिजिटल प्रमाणपत्रावरून ओळखतो. ही प्रमाणपत्रं द्यायचा अधिकार कुणाला, याची यादी ब्राउझर किंवा ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारी कंपनी ठेवते. तुमच्या बँकेच्या साईटवर भरवसा ठेवायचा की नाही, याचा पहिला निर्णय ही यादी घेते.

जुलै २०१४ मध्ये गुगलच्या लक्षात आलं की त्यांच्या काही डोमेनची खोटी प्रमाणपत्रं फिरतायत. माग काढला तर ती भारताच्या नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरकडून, म्हणजे एनआयसीकडून निघालेली होती. एनआयसीला हा अधिकार केंद्र सरकारच्या प्रमाणन नियंत्रकाकडून, म्हणजे सीसीएकडून मिळाला होता आणि सीसीएचं नाव मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं. त्यामुळं धोका होता तो विंडोजवर एक्स्प्लोरर आणि क्रोम वापरणाऱ्यांना. फायरफॉक्सची यादी वेगळी, तिच्यात सीसीए नव्हतंच, त्यामुळं फायरफॉक्सवाले वाचले. कोणता ब्राउझर उघडतो यानं खरोखर फरक पडला, असा हा प्रसंग.

त्यानंतर भारत सरकारच्या मूळ प्रमाणपत्राला मोठ्या ब्राउझरांच्या यादीत पुन्हा जागा मिळवणं अवघड होऊन बसलं. भारतीय वेबसाईट प्रमाणपत्रं परदेशी कंपन्यांकडून विकत घेत राहिल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं देशी ब्राउझर बनवायची स्पर्धा जाहीर केली, त्यात सीसीएचं प्रमाणपत्र ब्राउझरमध्येच असावं ही अट होती, त्यामागं हेच कारण. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला, झोहोच्या टीमला पहिलं एक कोटीचं बक्षीस मिळालं. झोहोचा ब्राउझर म्हणजे उला.

आता उला देशी आहे का? कंपनी देशी, सर्व्हर देशी. पण आतलं इंजिन क्रोमियम, जे मुख्यतः गुगलचे इंजिनिअर लिहितात. यात उलाचा काही वेगळा गुन्हा नाही. एज २०२० पासून क्रोमियमवर आहे. ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी सगळे त्याच्यावर आहेत. पर्प्लेक्सिटीचा कॉमेट आणि ओपनएआयनं ऑक्टोबर २०२५ मध्ये आणलेला ॲटलास हे नवे एआय ब्राउझरही त्याच्यावरच. मोठी इंजिनं उरलीत तीन. क्रोमियमचं ब्लिंक, ॲपलचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको. बाकी दिसतात ते रंग आणि बटणं.

याचा फटका कसा बसतो? क्रोमनं एक्स्टेन्शनचे नियम बदलले आणि यूब्लॉक ओरिजिन हा लोकप्रिय जाहिरात-रोधक २०२४-२५ मध्ये क्रोमवर बंद पडत गेला. क्रोमियमवरच्या बाकी ब्राउझरांना जुना नियम जिवंत ठेवायचा तर तो स्वतःच्या खर्चानं सांभाळावा लागतो. फायरफॉक्सवर तो अजून चालतो.

विंडोज १० गेलं, आता जुन्या मशीनचं काय?

इथवर विषय ब्राउझरचा होता, जो फुकटात पाच मिनिटांत बदलता येतो. ऑपरेटिंग सिस्टिमचं तसं नाही.

विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टनं टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर अशा अटी घातल्या. आठवी पिढी बाजारात आली २०१७ च्या उत्तरार्धात. म्हणजे त्याआधीची मशीन, त्यात कितीही रॅम टाकली असेल, एसएसडी बसवली असेल, तरी अधिकृतपणे बाद. तालुक्याच्या झेरॉक्स सेंटरमध्ये, शाळेच्या लॅबमध्ये, छोट्या वर्तमानपत्राच्या ऑफिसात अशी मशीन चिक्कार सापडतील आणि ती उत्तम चालतायत.

लिनक्सवाल्यांनी संधी साधून 'एंड ऑफ टेन' नावाची मोहीम चालवली. म्हणणं सरळ आहे, मशीन फेकू नका, त्यात लिनक्स टाका. लिनक्स मिंटसारखी सिस्टिम फुकट आहे, जुन्या मशीनवर पळते, दिसायलाही विंडोजच्या जवळची आहे. ब्राउझिंग, यूट्यूब, पत्र टाईप करणं एवढंच काम असेल तर फार अडत नाही.

मग लोक का जात नाहीत? कारण डेस्कटॉपवर माणूस बांधलेला असतो तो फायलींना आणि सोबतच्या सॉफ्टवेअरना. टॅली विंडोजसाठी बनलेली. डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा विंडोज गृहीत धरूनच दिलेलं. आणि मराठीत काम करणाऱ्यासाठी सगळ्यात मोठी बेडी म्हणजे फॉन्ट.

युनिकोड रुळण्याआधी मराठी टायपिंग चालायचं ते एका जुगाडावर. फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असायचे. कॉम्प्युटरच्या लेखी ते इंग्रजीच, डोळ्यांना दिसायचं मराठी. शिवाजी, डीव्हीबी टीटी सुरेख हे असे फॉन्ट. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी आणि पुण्याच्याच सी-डॅकचं आयएसएम या सॉफ्टवेअरवर मराठी छपाईच्या दोन पिढ्या जगल्या. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, ग्रामपंचायतीचे ठराव, साप्ताहिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे या फॉन्टमध्ये पडून आहेत. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाईल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. ज्याचा हात पंचवीस वर्षं श्री-लिपीवर बसलाय, त्याला विंडोज आवडतं की नाही, हा प्रश्नच गैरलागू आहे. त्याचं सॉफ्टवेअर विंडोजवर आहे, म्हणून तो विंडोजवर आहे.

युनिकोडनं ही बेडी तोडता येते. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोड विंडोजमध्ये आहे, लिनक्सवर आहे, मॅकवर आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्ड सगळीकडं सारखाच चालतो. राज्य सरकारनंही युनिकोडचे आदेश काढलेत. युनिकोडमधली फाईल कुठल्याही सिस्टिमवर मराठीच दिसते. म्हणजे मराठी माणसापुरतं बोलायचं तर ऑपरेटिंग सिस्टिम निवडायचं स्वातंत्र्य आधी फॉन्टमधून जातं.

मोठ्या पातळीवर हेच दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी घडलं. जर्मनीत म्युनिकच्या महापालिकेनं २००३ मध्ये विंडोज सोडून लिनक्सवर जायचं ठरवलं. तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बालमर स्कीइंगची सुट्टी अर्धवट सोडून महापौरांना भेटायला गेले होते. तरी पालिका बधली नाही. २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार कॉम्प्युटर लिनक्सवर गेले. पण बाहेरून येणाऱ्या फायली, जुनी सॉफ्टवेअर, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी हे सगळं संपलं नाही, राजकारणही बदललं आणि २०१७ मध्ये पालिकेनं पुन्हा विंडोजकडं जायचा ठराव केला.

केरळनं उलट टोकाकडून सुरुवात केली. तिथं सरकारी शाळांमध्ये दोन हजारच्या दशकातच लिनक्स आणलं. शिक्षकांना त्यावरच शिकवलं, पाठ्यपुस्तकं त्यावर लिहिली. दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर या व्यवस्थेत आले आणि २०१९ मध्ये यातून ३ हजार कोटी रुपये वाचल्याचा दावा तिथल्या यंत्रणेनं केला. आकड्यावर वाद घालता येईल, पण तिथल्या मुलांची सवयच लिनक्सची झाली. म्युनिकला लोकांची सवय मोडायची होती, केरळला ती लावायची होती. दुसरं काम केव्हाही सोपं.

मग विंडोज १० वाल्यांनी आत्ता करायचं काय?

लगेच मशीन विकायची गरज नाही. मायक्रोसॉफ्ट घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट देतंय. भारतात त्यासाठी तीन वाटा आहेत. मायक्रोसॉफ्ट अकाऊंटनं लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू करायचा, किंवा त्यांचे १००० रिवॉर्ड पॉइंट द्यायचे, किंवा ३० डॉलर मोजायचे. सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक दिसते. युरोपातल्या ग्राहकांना बॅकअपची अट काढून हे फुकट मिळालं, कारण तिथल्या ग्राहक संघटनांनी आवाज केला. आपल्याकडं अट कायम आहे. म्हणजे पैसे न देता अपडेट हवे असतील तर अकाऊंट जोडा, आणि एकदा ते जोडलं की वनड्राईव्हही आलंच. नवं डीफॉल्ट असं तयार होतं.

ज्यांना लिनक्स बघायचंय त्यांना डिस्क पुसायची गरज नाही. पेनड्राईव्हवर मिंट घेऊन कॉम्प्युटर त्यावरून चालू करता येतो, आतलं विंडोज जसंच्या तसं राहतं. वायफाय लागतंय का, प्रिंटर ओळखतोय का बघायचं आणि श्री-लिपीतली एखादी जुनी पत्रिका उघडून बघायची. ती खिचडी दिसली तर आधी फायली युनिकोडमध्ये आणायचं काम हातात घ्यावं लागेल, आणि त्यासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत आहे.